मुंबईच्या गौरवक्षणांची निवड समिती

१

महानगरांना आपले गौरवक्षण मोजण्याची मोठी हौस असते. एखाद्या क्लबाची शताब्दी येते, एखाद्या स्टेडियमला पन्नास वर्षे होतात, वर्तमानपत्राचा वर्धापनदिन येतो आणि ‘अविस्मरणीय क्षणां’ची यादी निघते. मुंबईची ही यादी आता जवळजवळ पाठ झालेली आहे. १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. १९१३ साली कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. १९३३ च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर या देशातील पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकले. १९८८ साली आझाद मैदानावर दोन शाळकरी मुलांनी ६६४ धावांची भागी केली. २०११ साली वानखेडेवर विश्वचषक जिंकला गेला.

या क्षणांशी आपले भांडण नाही. ते घडले आणि आनंदाने घडले. २०११ च्या त्या रात्री धारावीत आणि कामाठीपुऱ्यातही फटाके वाजले. प्रश्न वेगळा आहे. क्षण आपोआप अविस्मरणीय होत नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. तो जिथे घडला ती जागा कोणाच्या तरी मालकीची आणि मानाची असावी लागते. त्याची नोंद ठेवणारा कोणी असावा लागतो. आणि ती नोंद पुन्हा पुन्हा वाचून दाखवणारी संस्था टिकून राहावी लागते. ज्यांच्याजवळ जागा नाही, वही नाही आणि संस्था नाही, त्यांचे क्षण घडतात आणि विरून जातात. म्हणजे संघाला जशी निवड समिती असते, तशीच इतिहासालाही असते. तिच्या बैठका बंद दाराआड होतात, आणि कोणाला का वगळले हे सांगायला ती बांधलेली नसते.

ही समिती कसे काम करते हे पाहायचे तर पालवणकर बंधूंच्या उदाहरणाइतके बोलके उदाहरण मुंबईच्या इतिहासात दुसरे नाही. कारण येथे समितीला त्यांना पुरते वगळता आले नाही. म्हणून तिने दुसरा मार्ग धरला. त्यांच्या आयुष्यातील काय आठवायचे, हे तिने ठरवले.

२

प्रथम मैदानाचा विचार करू. मुंबईत क्रिकेट हे मोकळ्या जागेवरचे खेळणे म्हणून वाढले, असे भाबडेपणाने सांगितले जाते. पण ती जागा मोकळी कधीच नव्हती. १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना युरोपियनांचा होता. १८८० च्या दशकात एस्प्लनेडच्या मैदानावर युरोपियनांच्या पोलोचे घोडे खेळपट्टी उखडतात म्हणून देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. पुढे समुद्रकिनाऱ्यालगत धर्मवार जागा मिळत गेल्या. आधी पारशी जिमखाना, मग इस्लाम जिमखाना, आणि १८९४ साली परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना. सामनेही त्याच विभागणीने होऊ लागले. युरोपियन आणि पारशी यांच्यात १९०७ साली हिंदू आले, तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ साली मुसलमान आले, चौरंगी झाली. १९३७ साली ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ आला आणि पंचरंगी झाली. १९४६ पर्यंत ती चालली.

या नकाशात अस्पृश्यांचा जिमखाना शोधू गेलात तर सापडणार नाही. अस्पृश्याला खेळायचे असेल तर हिंदू म्हणूनच खेळता येत होते. आणि हिंदू म्हणून खेळायचे तर हिंदूंच्या संघाने त्याला आपला म्हणायला हवे होते. म्हणजे हा सारा प्रश्न मुळात मोजदादीचा आहे. बळी हवे असताना जो हिंदूंत मोजला जातो, तो चहाच्या वेळी कोणात मोजला जातो?

बाळू पालवणकर यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, जातीने चांभार. वडील लष्करात नोकरीला होते. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन मुले पुण्यात खेळायला शिकली. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याची आणि तिच्यावर रूळ फिरवण्याची. पगार महिना तीन रुपये. नंतर युरोपियनांच्या क्लबात चार रुपये. तेथे जाळी बांधणे, पट्टे आखणे, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकणे. या सक्तीच्या मेहनतीतून एक असामान्य डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. शेकडो तास त्यांनी तेथे चेंडू टाकले; पण हातात बॅट घेऊन उभे राहण्याची संधी तेथे एकदाही मिळाली नाही, असे त्यांनी पुढे आपल्या मुलाला सांगितल्याचे नोंदलेले आहे. क्रिकेटच्या इतिहासकाराला ही गंमतीदार आठवण वाटेल. आपल्याला ती वाटणार नाही. फलंदाजी हा मालकाचा हक्क आणि गोलंदाजी ही नोकराची सेवा, ही खेळाच्या आतली श्रमविभागणी त्या एका वाक्यात आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमिकांची विभागणी म्हटले; ती बावीस यार्डांच्या पट्टीवरही होती.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले ते युरोपियनांना हरवायचे होते म्हणून. मैदानात ब्राह्मण खेळाडू त्यांच्या हातून आलेला चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. ते भांडे नंतर फेकून दिले जाई. जेवणाचे पान वेगळे. तोंड धुवायला पाणी घालायचे ते अस्पृश्य नोकराने.

चेंडू चालतो आणि कप चालत नाही, याला विसंगती म्हणून सोडून देऊ नये. यात एक पक्का हिशेब आहे. तोच हिशेब मुंबईच्या कापड गिरण्यांत होता. अस्पृश्य कामगार इतर खात्यांत चालत होता, पण चांगला पगार असलेल्या साचाखात्यात त्याला मज्जाव होता. कारण विणकामात धागा तोंडाने ओढावा लागे, तुटला तर थुंकी लावून सांधावा लागे. त्याचे श्रम चालत, त्याची लाळ चालत नसे. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला, आणि वर्गाची भाषा बोलणाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला. गिरणी आणि मैदान यांच्यात अंतर होते ते पोशाखाचे. घाम घ्यायचा आणि स्पर्श टाळायचा, हा नियम दोन्हीकडे एकच.

३

प्लेगच्या वर्षांत बाळू मुंबईस आले. रेल्वेच्या संघातून खेळले. हिंदू जिमखान्याने त्यांना घ्यावे की नाही यावर वाद झाला आणि अखेर घेतले. १९०६ च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ बळी घेतले. धाकटे बंधू शिवराम याच संघात होते. पुढे विठ्ठल आणि गणपत आले. चौघे भाऊ हिंदू संघातून खेळले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेला संघ बहुतेक सामने हरला. पण त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, आणि त्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे चरित्रपर लेखनात नोंदलेले आहे.

आता १९०६ चा विजय कसा वाचला गेला ते पाहू. दोन वाचने झाली आणि दोन्ही आजतागायत चालू आहेत.

पहिले वाचन राष्ट्रवादी. वंगभंगाच्या चळवळीचे दिवस होते. काळ्यांनी गोऱ्यांना त्यांच्याच मैदानावर हरवले, हा त्याचा अर्थ लावला गेला. या वाचनात बाळू हे हिंदुस्थानच्या हातातील एक अस्त्र होतात. अस्त्राला जात नसते, पण अस्त्राला मनही नसते.

दुसरे वाचन सुधारणावादी. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या पत्राने या विजयात जातिबंधनांतून मुक्त होणाऱ्या राष्ट्राची खूण पाहिली. अस्पृश्य बंधूंना संघात घेणाऱ्या हिंदू जिमखान्याचे अभिनंदन झाले. हे वाचन पहिल्याहून उदार आहे, यात शंका नाही. पण बारकाईने पाहा. अभिनंदन कोणाचे? घेणाऱ्याचे. ज्याने आठ बळी घेतले तो बाजूला राहतो आणि ज्यांनी त्याला घेतले ते मोठे होतात. श्रेय गोलंदाजाकडून यजमानाकडे सरकते. उपकाराची ही भाषा आपल्याला नवी नाही. पाणवठा खुला करणाऱ्याचा फोटो छापून येतो; पाण्यासाठी डोकी फोडून घेणाऱ्यांची नावे येत नाहीत.

हे वाचन किती चिवट आहे ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीने २००१ साली दाखवले. ‘लगान’ चित्रपटातील कचरा हे पात्र पाहताना अनेकांना बाळूंची आठवण झाली. पण कचऱ्याची फिरकी त्याच्या अधू हातातून येते, मेहनतीतून नव्हे. त्याला संघात घेण्यासाठी सवर्ण नायक भाषण करतो. कचरा स्वतः आपल्या हक्कासाठी बोलत नाही. मुळातल्या बाळूंची फिरकी हजारो चेंडूंच्या सरावातून आली होती, आणि मुळातले पालवणकर गप्प बसले नव्हते. चित्रपटाने अस्पृश्याला बळी मिळवून दिले आणि त्याच्या बदल्यात त्याचा आवाज काढून घेतला.

‘सर, खेळात जात कुठे असते?’ असे विद्यार्थी वर्गात विचारतात. त्यात सगळ्या जातींचे विद्यार्थी असतात. त्यांचा दोष नाही. त्यांना बळींचे आकडे सांगितले गेले आहेत, कर्णधारपदाची कथा सांगितलेली नाही.

४

ती कथा अशी. १९१० च्या सुमारापासून बाळू हे हिंदू संघातील सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू होते. कर्णधारपद वर्षानुवर्षे दुसऱ्यांकडे गेले. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा, आपल्या सत्कारातच त्यांनी हा मान ज्येष्ठतेने व अनुभवाने बाळूंना मिळायला हवा होता, असे सांगितले. पै सारस्वत ब्राह्मण होते. त्यांच्या प्रामाणिकपणाची नोंद आपण घेतली पाहिजे. पण एका सज्जनाच्या कबुलीने समितीचा निर्णय बदलत नाही. बळी घेताना जात आड आली नाही, कारण बळी घेणे हे काम आहे. कर्णधार म्हणजे हुकूम देणारा. अस्पृश्याने ब्राह्मणाला ‘तू तिकडे उभा राहा’ असे सांगायचे, आणि ब्राह्मणाने तिकडे जाऊन उभे राहायचे, हे त्या समितीच्या कल्पनेत बसत नव्हते. काम देता येते, हुकमत देता येत नाही. आजही आपल्या संस्थांत, विद्यापीठांत, कार्यालयांत आपण नेमक्या याच उंबरठ्यावर अडवले जातो.

मग १९२० साल उजाडले. बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी होते. तेव्हा कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे यायला हवे होते. समितीने पुण्याच्या दि. ब. देवधर यांना नेमले. देवधर चांगलेच फलंदाज होते, हा प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नव्हे. प्रश्न असा होता की वर्षानुवर्षे सिद्ध झालेली ज्येष्ठता पालवणकर आडनावापाशी आली की का थांबते? या वेळी विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला, आणि आपल्या नकाराची कारणे देणारे निवेदन वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. गुण डावलून जात पाहिली जाते आणि स्वाभिमान असलेल्या माणसाला हे सोसणे शक्य नाही, असा त्याचा आशय होता. शहरात चर्चा पेटली. पुढच्या सामन्याला पै परतले, बाळूंना परत घेण्यात आले आणि उपकर्णधार करण्यात आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा हिंदू संघाची सूत्रे प्रथमच एका अस्पृश्याच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल पूर्ण अधिकाराने कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंनी स्पर्धा जिंकली. १९२६ पर्यंत ते कर्णधार राहिले.

माझ्या मते मुंबईच्या क्रीडा इतिहासातला सर्वांत मोठा क्षण १९०६ चा विजय नाही. १९२० चा नकार आहे. त्या दिवशी एकही चेंडू टाकला गेला नाही, एकही धाव निघाली नाही, म्हणून धावफलकावर त्याची खूण नाही. पण तो क्षण कोणत्या वर्षी आला ते पाहा. १९२० च्या ३१ जानेवारीस मुंबईतून ‘मूकनायक’ निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. मुक्यांना वाचा फुटण्याचे ते वर्ष होते. पालवणकर बंधूंचे निवेदन आणि बाबासाहेबांचे पाक्षिक यांचा संघटनेच्या दृष्टीने काही संबंध होता असे मी म्हणत नाही. पण एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन ठिकाणी अस्पृश्याने छापील अक्षराचा आधार घेऊन ‘नाही’ म्हटले. हा नकार कारणे देणारा, सही करणारा आणि परिणाम भोगायला तयार असलेला आहे. पुढे पन्नास वर्षांनी दलित साहित्याने नकार हा आपला स्थायीभाव मानला. त्याची एक मुळी क्रिकेटच्या मैदानात आहे, हे आपल्या समीक्षेने अजून पुरेसे ओळखलेले नाही.

तुलनेसाठी आणखी एक बहिष्कार पाहू. १९३७ साली ब्रेबर्न स्टेडियम उभे राहिले. तेथील जागांच्या वाटपावरून वाद झाला आणि हिंदू संघाने त्या वर्षीच्या स्पर्धेत भाग घेतला नाही. पुढे याच स्टेडियमच्या मालक क्लबाशी जागा आणि तिकिटे यांवरून मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे वाजले, म्हणून वानखेडे स्टेडियम उभे राहिले आणि १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिला कसोटी सामना झाला. म्हणजे बसायच्या जागेसाठी या शहराने स्पर्धेवर बहिष्कार टाकला आणि नवे स्टेडियमही बांधले. तो बाणेदारपणा ठरला, त्याच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. उभे राहायच्या जागेसाठी दोन भावांनी टाकलेला बहिष्कार मात्र तळटीप झाला.

बाळूंनी ३३ प्रथम दर्जाच्या सामन्यांत १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. आपल्या राष्ट्रीय स्पर्धा रणजी आणि दुलीप यांच्या नावाने चालतात. दोघेही राजघराण्यातले, दोघेही इंग्लंडकडून कसोटी खेळले. नावे देणारीही एक समिती असते.

५

येथपर्यंत आपण प्रस्थापितांच्या स्मृतीची तपासणी केली. आता आपल्याकडे वळले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा एकांगी होईल.

आंबेडकरी चळवळीच्या स्मृतीत बाळू पालवणकर अवघडून उभे आहेत. याचे कारण उघड आहे. १९३२ साली मतदारसंघाच्या प्रश्नावर ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई शहरातील भायखळा-परळच्या मतदारसंघात काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. एका काळी ज्यांच्या गौरवाचे मानपत्र लिहिले त्यांच्याशीच बाबासाहेबांना लढावे लागले. चळवळीने हा घाव लक्षात ठेवला, आणि ते स्वाभाविक होते.

परंतु समीक्षेचे काम घाव मोजून संपत नाही. काँग्रेसने बाळूंनाच का निवडले? त्याच कारणासाठी, ज्यासाठी पुण्याच्या आणि मुंबईच्या हिंदू संघांनी निवडले होते. समोर एक भक्कम फलंदाज उभा आहे, त्याचा बळी हवा आहे. मग आपल्यातला अस्पृश्य गोलंदाज आणा. हिंदू संघाने घामाचा वापर केला, पक्षाने नावाचा केला. आणि दोन्हीकडे हुकमत दुसऱ्याची. हे समजून घेतले म्हणजे बाळूंचा राजकीय निर्णय बरोबर ठरत नाही. ते अजाण नव्हते. त्यांनी विचारपूर्वक एक मार्ग धरला होता आणि तो मार्ग अस्पृश्यांच्या स्वतंत्र राजकारणाच्या विरोधात जात होता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्या हिंदू संघाने अखेर आपल्या भावाला कर्णधार केले, त्या अनुभवातून त्यांना हिंदू समाजही हळूहळू बदलेल असे वाटले असावे. बाबासाहेबांनी त्याच समाजाकडून महाडला आणि काळारामाच्या दारात वेगळा अनुभव घेतला होता. दोन माणसांच्या अनुभवांतून दोन राजकारणे निघाली. इतिहासाने कौल बाबासाहेबांच्या बाजूने दिला.

पण १९३७ मुळे १९२० पुसले जात नाही. आपण जर आपल्या माणसाचा एक चुकीचा निर्णय धरून त्याच्या भावांचा नकारही अडगळीत टाकू, तर आपलीही एक निवड समिती झाली असे म्हणावे लागेल. शिवाय जातीजातींतील दुरावा हाही यामागे आहे, हे आपण आपसांत तरी मान्य केले पाहिजे. चांभारांनी बाळूंना आपले म्हणायचे आणि बौद्धांनी त्यांना परके मानायचे, ही विभागणी कोणाच्या सोयीची आहे? विठ्ठल पालवणकर यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध केले. ‘बलुतं’ १९७८ चे. दलित आत्मकथनांच्या चर्चेत तीस वर्षे आधीच्या या पुस्तकाचे नाव किती वेळा येते? ते दलित आत्मकथन आहे की नाही यावर वाद होऊ शकेल, व्हावा. पण वाद होण्यासाठी ते आधी वाचले पाहिजे.

६

मैदानाकडून रंगमंचाकडे वळल्यावर चित्र आणखी गडद होते. पालवणकरांच्या बाजूने निदान एक साक्षीदार होता: धावफलक. आठ बळी म्हणजे आठ बळी. ते सात करता येत नाहीत. जो शाहीर डफ घेऊन चाळीच्या पटांगणात उभा राहिला, त्याच्याकडे असा साक्षीदार नव्हता. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगावी आणि मुंबईच्या वस्त्यांत झाले. किती रात्री, किती माणसे, याची वही कोणी ठेवली? वामनदादा कर्डक याच शहराच्या कामगार वस्तीत अक्षर शिकले आणि त्यांची गाणी लाखो कंठांत गेली. वाटेगावहून पायी मुंबईस आलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले. मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा त्यांनी तोच ऐवज लोकनाट्य म्हणून पुढे नेला. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. शहराच्या सांस्कृतिक इतिहासात नाट्यगृहांच्या तिसऱ्या घंटेला जी जागा मिळते, ती या घटनांना मिळत नाही. कारण त्या ज्या जागी घडल्या तिला तिकीटखिडकी नव्हती.

१९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहाजण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. आज त्यांचा आवाज आपल्याला ऐकता येतो तो आनंद पटवर्धनांच्या चित्रपटांमुळे. शहराने आपला शाहीर स्वतः जपला नाही. एका चित्रपटकाराच्या कॅमेऱ्यात तो योगाने उरला. असे योग किती शाहिरांच्या वाट्याला आले असतील?

७

तेव्हा केवळ तक्रार करून भागणार नाही. त्यांच्या यादीत आमची दोन नावे घाला, अशी मागणी तर मुळीच करू नये. ती मागणी मान्य व्हायला वेळ लागत नाही. बाळूंचे एक तैलचित्र एखाद्या दालनात लागेल, त्याखाली बळींचा आकडा लिहिला जाईल, आणि १९२० पुन्हा एकदा भिंतीआड जाईल. घेतले गेल्याचे समाधान हेच त्या समितीचे हत्यार आहे.

आपले काम वेगळे आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. राहणाऱ्यांना मोठे घर मिळते, याचा आनंदच आहे. पण त्या चाळींच्या पटांगणात ज्या कबड्डीच्या चढाया झाल्या, जे जलसे रंगले, ज्या सभा उधळल्या गेल्या आणि पुन्हा भरवल्या गेल्या, त्यांची वही भिंतींबरोबर जाणार आहे. ती वही आजच लिहायला घेतली पाहिजे. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील एकेका वृद्धाजवळ बसावे. कोणत्या वर्षी कोणता संघ, कोणते कलापथक, ढोलकीवर कोण, मार कोणी खाल्ला, हे विचारून तारीखवार लिहून काढावे. शिक्षकांनी याला प्रकल्पाचे गुण द्यावेत. कार्यकर्त्यांनी घरोघरच्या पेट्यांतील हस्तपत्रके आणि छायाचित्रे जमा करावीत. ग्रंथालयांत पडून असलेल्या जुन्या वृत्तपत्रांतून १९२० चे ते निवेदन शोधून, त्याचा चांगला मराठी अनुवाद करून तो अभ्यासक्रमात ठेवण्याचा आग्रह आपण धरावा. विठ्ठलरावांचे पुस्तक पुन्हा छापावे.

आणि हे करताना केवळ विजय गोळा करू नयेत. विजय जपायला शहर समर्थ आहे. कोणी, कुठे, कोणत्या कारणाने ‘आता आम्ही खेळणार नाही’ म्हटले, त्याची नोंद ठेवणारा दुसरा कोणी नाही. ती आपणच ठेवायची आहे.